विजेच्या गाडीचा रोजमेळ

सांगलीच्या गणपती पेठेत किंवा साताऱ्याच्या भवानी पेठेत हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असलेली मोटार दिसली, तर आता कोणी मागे वळून पाहत नाही. विजेवर चालणारी गाडी आपल्या शहरांत रुळली आहे. त्यामुळे व्यापारी कुटुंबात जुनी गाडी बदलण्याचा विषय निघाला, की चिरंजीव विजेच्या गाडीचे नाव काढतात, वडील पेट्रोलचा आग्रह धरतात आणि मध्यममार्ग म्हणून कोणीतरी हायब्रिड सुचवते. तिघांच्याही बोलण्यात तथ्य असते. मात्र आपली गाडी वर्षाला किती किलोमीटर धावते, हा प्रश्न त्या चर्चेत सहसा कोणी विचारीत नाही. हळदीचा सौदा करताना ओलावा आणि वजन दोन्ही तपासून घेणारा व्यापारी पंधरा-वीस लाखांची गाडी मात्र पुष्कळदा शेजाऱ्याच्या अनुभवावर घेऊन मोकळा होतो.

या विषयाचा पहिला धडा सातारा जिल्ह्यातच, फलटणला गिरवला गेला. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस विजेवर चालणाऱ्या सायकल रिक्षावर काम केले. त्याविषयीचा त्यांचा लेख ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या काळी लिथियमची बॅटरी सामान्य वाहनात परवडण्याजोगी नव्हती; शिशाच्या जड बॅटरीवरच भिस्त होती. तरीही रिक्षाची कल्पना व्यवहार्य ठरली, कारण रिक्षाचा फेरा लहान, ठरलेला आणि रोजचा असतो. अंतर आधी ठाऊक असले, की बॅटरी किती मोठी हवी हे ठरते आणि रात्री ती भरून ठेवता येते. पुढील वर्षांत देशभर ई-रिक्षा पसरल्या, त्या याच जोरावर. बॅटरी सुधारली, मोटारी मोठ्या झाल्या; पण रोजचे अंतर ठाऊक असणाऱ्याला विजेचे वाहन सर्वाधिक फायद्याचे, हे सूत्र आजही बदललेले नाही.

हे सूत्र रुपयांत मांडून पाहू. हिशेब सोपा राहावा म्हणून पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडीची धाव लिटरला १५ किलोमीटर धरली, तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. पूर्ण क्षमतेची हायब्रिड गाडी लिटरला २१ किलोमीटर देते असे मानले, तर तिचा खर्च ५ रुपये. विजेची गाडी मीटरवरच्या एका युनिटात, भरतानाची तूट धरून, ६ किलोमीटर चालते असे समजावे. घरची वीज १२ रुपये युनिट धरली तर किलोमीटरला २ रुपये आणि महामार्गावरील जलद केंद्रात २४ रुपये युनिट धरली तर ४ रुपये. म्हणजे सात, पाच, चार आणि दोन असे चार आकडे झाले. प्रत्येक घरी हे आकडे थोडे निराळे असतील. आपापल्या बिलांवरून ते बदलून घ्यावेत. मांडणी तीच राहते.

आता जमेनंतर नावेची बाजू. तशाच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा विजेची गाडी ३ लाख रुपयांनी महाग पडते असे धरू. बहुतेक हिशेब येथेच थांबतात: ३ लाख भागिले ५ रुपये, म्हणजे ६० हजार किलोमीटर धावली की किंमत वसूल. पण व्यापाऱ्याचे भांडवल फुकट नसते. तेच ३ लाख रुपये कॅश क्रेडिट खात्यात भरले असते, तर ९ टक्क्यांनी वर्षाला २७ हजार रुपये व्याज वाचले असते. किलोमीटरमागे ५ रुपये बचत असल्याने हे व्याज भरून निघण्यासाठीच गाडी वर्षाला ५,४०० किलोमीटर धावावी लागते. महिन्याला ४५०, दिवसाला सरासरी १५ किलोमीटर. ज्या घरची मोटार यापेक्षा कमी धावते, तेथे विजेच्या गाडीची जादा किंमत केवळ इंधनाच्या बचतीतून कधीच वसूल होत नाही. सूत्र एका ओळीचे आहे: जादा किंमत गुणिले व्याजदर, भागिले किलोमीटरमागील बचत. गाडीच्या दालनात जाण्यापूर्वी हा भागाकार घरी करून जावा.

तीन निरनिराळ्या घरांची कल्पना केली, तर या सूत्राचा अर्थ अधिक स्पष्ट होईल. पहिले घर साताऱ्यातील कापड दुकानदाराचे. दुकान घरापासून पायी दहा मिनिटांवर, मोटार बाहेर निघते ती लग्नकार्याला, मंदिरात जायला किंवा क्वचित पुण्याला. महिन्याला ४०० किलोमीटर, वर्षाला ४,८००. बचत २४ हजार, व्याज २७ हजार. या घराने आहे तीच गाडी नीट राखावी, हेच शहाणपण. पर्यावरणाच्या दृष्टीनेही निष्कर्ष फारसा वेगळा निघत नाही. मोठी बॅटरी तयार करताना बरीच ऊर्जा खर्च होते आणि गाडी भरपूर धावली तरच तो भार फिटतो. कमी धावणाऱ्या घराला नवी गाडी घेऊन फारसे पुण्य लाभत नाही.

दुसरे घर सांगलीतील हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्याचे. सकाळी मार्केट यार्ड, दुपारी मिरज, आठवड्यातून दोनदा तासगावच्या बेदाण्याच्या सौद्याला, मध्येच जयसिंगपूर. दिवसाला सरासरी ६० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १८ हजार किलोमीटर. गाडी रोज रात्री स्वतःच्या अंगणात उभी राहते. येथे वर्षाची बचत ९० हजार रुपये. त्यातून आधी व्याज भागवून उरलेली रक्कम मुद्दलात भरत गेले, तर ३ लाख रुपये चार वर्षांहून थोड्या अधिक काळात फिटतात. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी असते. म्हणजे हमी संपण्यापूर्वीच गाडीने आपली जादा किंमत चुकती केलेली असते. फलटणच्या रिक्षाचे सूत्र या घराला तंतोतंत लागू पडते.

तिसरे घर जुन्या पेठेतील वाड्यात राहणाऱ्या वितरकाचे. गाडी रस्त्यावर उभी, वरच्या मजल्यावरून वायर सोडणे धोक्याचे. कधी सोलापूर, कधी बेळगाव, कधी मुंबई. वर्षाला ३० हजार किलोमीटर. हायब्रिड गाडीचा विचार करावा तो अशा घरानेच. तिची जादा किंमत अडीच लाख रुपये धरली, तर व्याजाचे २२,५०० रुपये दरसाल जातात आणि बचत किलोमीटरमागे २ रुपयेच असते. त्यामुळे ११,२५० किलोमीटर तर व्याजातच संपतात. ३० हजार किलोमीटर धावणाऱ्याला जादा किंमत वसूल व्हायला साडेपाच वर्षे लागतात, आणि १८ हजार धावणाऱ्याला अकरांहून अधिक. केवळ बाहेरच्या जलद केंद्रांवर भरलेली विजेची गाडीसुद्धा किलोमीटरमागे ३ रुपये वाचवते, म्हणजे पैशात ती हायब्रिडच्या पुढेच राहते. मग हायब्रिडमध्ये लाभ कोणता? वाट पाहावी लागत नाही, हा. ज्याला वसुलीच्या फेरीत दिवसाला सहा गावे करायची आहेत, त्याच्यासाठी केंद्रावरचा पाऊण तास आणि तेथील रांगेची अनिश्चितता यांची किंमत दोन रुपयांहून मोठी असू शकते.

हायब्रिड या शब्दाविषयी एक सावधगिरी हवी. जपानमध्ये १९९७ साली आलेल्या टोयोटा प्रियसपासून ज्या प्रकारच्या गाड्या प्रसिद्ध झाल्या, त्यांत विजेची मोटर काही अंतर एकटीने गाडी ओढू शकते. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते, म्हणून शहरातील थांबत-थांबत चालण्यात तिचा लाभ अधिक आणि मोकळ्या महामार्गावर कमी. याउलट ‘माइल्ड हायब्रिड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीतील लहान मोटर इंजिनाला हातभार लावते; एकटीने गाडी चालवीत नाही. दोन्हींच्या इंधन-बचतीत मोठे अंतर असते. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: इंजिन बंद ठेवून ही गाडी केवळ विजेवर चालते का? उत्तर नकारार्थी असेल, तर हायब्रिड म्हणून अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

घरी वीज भरायची म्हटले, की आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढत जातात. महिन्याला दीड हजार किलोमीटर म्हणजे २५० युनिटांची भर पडते, आणि ती भर बिलाच्या सर्वांत महागड्या टप्प्यात जाऊन बसते. म्हणून हिशेबात सरासरी दर न धरता आपल्या बिलातील वरच्या टप्प्याचा दर धरावा. विद्युत वाहनासाठी स्वतंत्र जोडणीही घेता येते. तिचा दर आणि स्थिर आकार दोन्ही विचारून तुलना करावी. दुसरी गोष्ट वायरिंगची. जुन्या घरात गिझरच्या सॉकेटला गाडी लावून रात्रभर सोडणे योग्य नव्हे. तासन्तास सलग भार घेणारी स्वतंत्र वायर, चांगले अर्थिंग आणि आवश्यक तर मंजूर भारात वाढ एवढे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. सदनिकेत राहणाऱ्यांनी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी सोसायटीचे लेखी पत्र घ्यावे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या किंवा कार्यालयाच्या विद्यमान जोडणीवरून वाहन भरण्यास मुभा आहे. तरीही शेजाऱ्यांशी आधी बोलून घेतलेले बरे.

रस्त्याचा हिशेब अंतरापासून सुरू होतो. जाहीर केलेली धाव चाचणीतील असते. ४५० किलोमीटर सांगितले असतील, तर वातानुकूलन, महामार्गाचा वेग आणि चार माणसे धरून ३०० मानावेत, आणि त्यांतूनही ५० राखीव ठेवावेत. उरलेल्या २५० किलोमीटरमध्ये सांगलीहून सुमारे १२० किलोमीटरवरचे सातारा गाठून परत येता येते, तेही काठावर. पुणे एका बाजूने गाठता येते. परतीपूर्वी भरणे आवश्यक. घाटाची भीती मात्र पुष्कळदा अवाजवी असते. साताऱ्याहून महाबळेश्वरला चढताना साधारण ६०० मीटर उंची गाठावी लागते. माणसांसह १,९०० किलो वजनाच्या गाडीला केवळ या चढासाठी सुमारे साडेतीन युनिट जादा लागतात, म्हणजे सपाट रस्त्यावरच्या वीस-एकवीस किलोमीटरांइतके. उतरताना त्यांतील बराचसा भाग बॅटरीत परत येतो. चढाला पोचेल एवढी वीज असल्याची खात्री करून निघावे, इतकेच.

टोलविषयीही गैरसमज आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे. हे धोरण ३१ मार्च २०३० पर्यंतचे आहे. परंतु पुणे-सातारा-कोल्हापूर हा राष्ट्रीय महामार्ग असल्याने आनेवाडी, तासवडे आणि किणी येथे ती माफी नाही. मुंबईला वारंवार जाणाऱ्या व्यापाऱ्याने हा लाभ हिशेबात अवश्य धरावा. कराड-कोल्हापूर एवढाच फेरा असणाऱ्याने तो धरू नये.

सांगलीकरांच्या मनात पुराचा प्रश्न असणे स्वाभाविक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला ‘आयपी ६७’ असे मानांकन बहुधा दिलेले असते. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी जाऊ नये, एवढाच. दोन-तीन दिवस गढूळ पुरात उभ्या राहिलेल्या गाडीला हे मानांकन आधार देत नाही. पाणी चढण्याची सूचना येताच गाडी उंचावर नेणे, बुडालेली गाडी सुरू न करणे आणि तिला चार्जर न लावणे हे नियम घरातील सर्वांना ठाऊक असावेत. विमा घेताना बॅटरीसाठीचे स्वतंत्र संरक्षण पुरासह आहे का, हे पॉलिसीच्या कागदावर वाचून घ्यावे. तोंडी आश्वासन पुरेसे नाही. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात २०२२ पासून विजेच्या गाडीला १५ टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के सवलत आहे, ती लावली आहे का, तेही पाहावे.

कराच्या बाबतीत विजेच्या गाडीचे पारडे जड आहे. तिच्यावर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल व हायब्रिड गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के दर लागू झाला. राज्यात खाजगी पेट्रोल गाडीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के मोटार वाहन कर आहे. विजेच्या गाडीला तो माफ आहे. मात्र दोन ठिकाणी व्यापाऱ्यांची फसगत होते. पहिले, पेढीच्या नावाने मोटार घेतली म्हणून तिच्यावरील जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. माणसांच्या वाहतुकीच्या लहान वाहनांवर कलम १७(५) ने ते सर्वसाधारणपणे रोखलेले आहे. दुसरे, कर्जावरील व्याजासाठी दीड लाख रुपयांपर्यंत वजावट देणारे आयकराचे कलम ८० ईईबी केवळ १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांसाठी होते. नव्या कर्जाला ते लागू नाही. व्यवसायात वापरलेल्या वाहनाच्या घसाऱ्यात मात्र खरा फरक आहे: १९६२ च्या आयकर नियमांत साध्या मोटारीला १५ टक्के आणि विजेच्या वाहनाला ४० टक्के दर होता. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्याने त्या पुढील वर्षांसाठीचा दर आपल्या कर सल्लागाराकडून पक्का करून घ्यावा.

या सर्व हिशेबातून एक वेगळीच गोष्ट पुढे येते. पुष्कळ पेढ्यांत विजेकडे वळण्याचा पहिला मान मोटारीऐवजी मालवाहू तीनचाकीला द्यायला हवा. गोदामातून दुकानात, दुकानातून गिऱ्हाइकाकडे, ट्रान्सपोर्टच्या कचेरीत आणि परत असा तिचा फेरा रोजचा, लहान आणि ठरलेला असतो. ती रात्री गोदामातच उभी राहते, तेव्हा भरण्याचा प्रश्न येत नाही. मालवाहू वाहन असल्याने करपात्र व्यापारासाठी वापरल्यास तिच्यावरील जीएसटीचे क्रेडिटही मिळते. फलटणला जे सूत्र सिद्ध झाले, ते येथे सर्वांत कमी भांडवलात पडताळून पाहता येते. वर्षभर तिचा खर्च वहीत लिहिला, की घरच्या मोटारीचा निर्णय अनुभवावर घेता येतो.

विजेची गाडी धूर सोडत नाही, पण वीज कोठून येते याचा विसर पडू नये. सातारा जिल्ह्यातील कोयनेची जलविद्युत क्षमता १,९६० मेगावॉट आहे, हे खरे. पण राज्याची बरीचशी वीज आजही कोळशाची आहे. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. सांगलीच्या रस्त्यावर न दिसणारा धूर काही अंशी तेथे निघतो. ज्यांचे स्वतःचे छप्पर आहे, त्यांना यावर उपाय आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत घरगुती ३ किलोवॉट संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. असा संच दिवसाला साधारण १२ युनिट देतो; म्हणजे वर धरलेल्या हिशेबाने ७२ किलोमीटर. गाडी दिवसा बाहेर असली तरी नेट मीटरमुळे दुपारची वीज रात्रीच्या हिशेबात जमा होते. दुसऱ्या घरातील व्यापाऱ्याने गाडी आणि छप्पर यांचा विचार एकत्र केला, तर दोन्ही गुंतवणुका एकमेकींना हात देतात.

गाडी कोणतीही घेतली तरी काही सवयी बदलाव्या लागतील. विजेची गाडी कमी वेगात जवळपास आवाज करत नाही. अरुंद बोळात किंवा मंदिराच्या आवारात ती मागे घेताना वृद्धांना आणि मुलांना चाहूल लागत नाही. काळजी चालकानेच घ्यायची. पुनर्विक्रीचा बाजारही अजून स्थिरावलेला नाही. बॅटरीची हमी दुसऱ्या मालकाला किती मिळते, हे आजच विचारून ठेवावे, कारण पाच वर्षांनी गिऱ्हाईक तेच विचारणार आहे.

म्हणून निर्णयाची घाई न करता आधी तीन महिने गाडीचा रोजमेळ लिहावा. रोज रात्री मीटरचा आकडा, गेलेली गावे, भरलेले इंधन आणि गाडी रात्री कोठे उभी होती, एवढे चार रकाने पुरेत. सणासुदीचा एखादा महिना त्यात यावा, म्हणजे अंदाज फुगलेला किंवा आटलेला निघणार नाही. ती वही समोर ठेवून वडील, चिरंजीव आणि घरातील स्त्रिया एकत्र बसल्या, की वादाचा पुष्कळसा भाग आपोआप मिटतो. कदाचित विजेची गाडी ठरेल, कदाचित हायब्रिड. कदाचित असेही दिसेल, की घरची जुनी गाडी आणखी चार वर्षे चालणार आहे आणि तेवढे भांडवल पेढीतच राहू देणे हिताचे आहे.